चार लाख आले आणि कुठे गेले?

भिशीत पहिला नंबर लागलेल्या बाईचं आपण कौतुक करतो, पण तिला कुणी श्रीमंत म्हणत नाही. बारा जणींचे पैसे एकदम हातात आले, तरी पुढचे अकरा महिने हप्ते भरायचेच आहेत, हे तिलाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. पण हाच व्यवहार इंटरनेटवरून झाला आणि त्याला ‘क्राउडफंडिंग’ असं भारदस्त नाव मिळालं, की आपली ही साधी समज कुठे जाते कोण जाणे!

हे लिहायचं कारण आमच्या घरातच घडलं. माझ्या पुतणीनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून पटावरचा एक खेळ तयार केला. नाशिकच्या मुली, तेव्हा विषय कांद्याचा! रोप लावायचं, खत-पाण्याचा खर्च करायचा, आणि माल हाती आला की ठरवायचं: आज लासलगावच्या बाजारात विकायचा की चाळीत साठवून भाव चढायची वाट पाहायची? मध्येच अवकाळी पाऊस, मध्येच निर्यातबंदी. २०२३च्या डिसेंबरात सरकारनं कांद्याची निर्यात खरोखरीच बंद केली, ती पुढच्या मे महिन्यात उठली; तेव्हा या मुलींना पत्ते लिहायला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नाही. खेळ मोठा गमतीचा झाला आहे. आमच्याकडे जेवणं झाल्यावर दहा-दहा वाजेपर्यंत चालतो, आणि सर्वांत लबाड व्यापारी आमच्या सासूबाई निघाल्या!

खेळ झाला, पण तो छापायचा कसा? खऱ्या नोटा आमच्या नाशिकरोडला छापतात. खेळातल्या खोट्या नोटा छापायला मात्र सातपूरच्या छापखान्यात खऱ्या नोटा मोजाव्या लागतात. तेव्हा मुलींनी लोकांकडून आगाऊ पैसे घ्यायचं ठरवलं. क्राउडफंडिंग चालवणाऱ्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर खेळाची माहिती, चित्रं आणि छोटीशी फिल्म टाकायची, “एवढे पैसे जमले तर आम्ही खेळ छापू” असं जाहीर करायचं आणि मुदत ठेवायची. लक्ष्य पुरं झालं तर पैसे मिळतात. नाही झालं, तर ज्याचे त्याला परत जातात. सगळीकडेच असा नियम नसतो. काही ठिकाणी जमेल तेवढे पैसे हाती देतात. पण मला विचाराल तर हा ‘सगळं किंवा काहीच नाही’चा नियमच बरा. अर्ध्या पैशात अर्धा खेळ छापता येत नाही आणि कबूल केलेलं तर सगळ्यांनाच द्यावं लागतं.

लक्ष्य तीन लाखांचं होतं. महिनाभरात ३४० पेट्यांची मागणी आली. पेटीची किंमत घरपोच बाराशे रुपये. म्हणजे जमले ४ लाख ८ हजार! पेढे वाटले गेले. एका नातेवाईकांनी तर “पोरीनं महिन्यात चार लाख कमावले” असं सगळ्या गोतावळ्यात सांगितलं. पुतणीच्या मनात नोकरी सोडायचं यायला लागलं. आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे तिचे वडील, लगेच दुसऱ्या छपाईसाठी मुदत ठेव मोडायला निघाले. ठेव कसली? तर हिच्याच पुढच्या शिक्षणाची.

मी एका पतपेढीत पंचवीस वर्षं खतावण्या लिहिल्या. माझं म्हणणं एवढंच पडलं, “भाऊजी, ठेव पळून जात नाही. आधी सगळ्यांच्या पेट्या घरी पोचू द्या, मग हिशेब मांडू.” चौदा महिन्यांनी, २०२५च्या सुरुवातीला, तो हिशेब मांडला. मुलींच्या संमतीनं तो इथे देते. कराचे आकडे मी बाजूला काढले आहेत, कारण लोकांकडून घेतलेला कर आपला नसतोच. तो सरकारच्या वतीनं आपल्याकडे चार दिवस वस्तीला येतो.

जमा: ३४० पेट्या, दर १,२०० रुपये: ४,०८,०००

खर्च:
संस्थेचं कमिशन आणि पैसे वळते करण्याचा आकार, मिळून १२ टक्के: ४८,९६०
छपाई, ५०० पेट्या, दर ४३०: २,१५,०००
चित्रकाराचं मानधन: ४५,०००
आधी करून घेतलेले नमुने, सहा: २१,०००
छोटी फिल्म: १२,०००
कुरिअर, ३४० पेट्या, दर ११५: ३९,१००
बाहेरचा खोका आणि गुंडाळायचं साहित्य, दर २८: ९,५२०
फुटलेल्या आणि हरवलेल्या १४ पेट्या पुन्हा पाठवणं: २,००२
कराचे कागद भरणाऱ्या सी.ए.ची फी: ९,०००
एकूण खर्च: ४,०१,५८२

शिल्लक: ६,४१८

मुली दोन, महिने चौदा. वाटून पाहिलं तर एकीच्या वाट्याला महिन्याला २२९ रुपये आले. एवढ्यात आमच्याकडे महिन्याची कोथिंबीरसुद्धा होत नाही!

आता कुणी म्हणेल, मागणी ३४०ची, मग छापल्या ५०० कशाला? याचं उत्तर छापखान्यात मिळतं. प्लेटा करायच्या, यंत्रावर रंग जुळवायचा, पुठ्ठा कापायचा साचा बनवायचा, हा खर्च शंभर प्रती काढल्या तरी तेवढाच आणि पाचशे काढल्या तरी तेवढाच. म्हणून थोड्या प्रती काढल्या की एकेक पेटी सोन्याच्या भावानं पडते. मुलींनी दर विचारले तेव्हा साडेतीनशे पेट्यांचं बिल पाचशेच्या बिलाहून फारसं कमी येत नव्हतं. पुन्हा पाठवलेल्या वजा जाता १४६ पेट्या उरल्या आणि त्या आमच्या दिवाणाखाली गेल्या. खरं म्हणजे या व्यवहारातला नफा तोच! पण तो नफा विकावा लागतो, आणि दुकानदार ठेवून घ्यायला तयार झाला तरी छापील किमतीच्या तीस ते चाळीस टक्के आपले म्हणतो. त्यालाही भाडं आणि वीजबिल आहेच.

कुरिअरचं गणित तर प्रत्येक गृहिणीनं समजून घ्यावं, लोणची-पापड पाठवतानाही उपयोगी पडेल. कुरिअरवाले फक्त वजन पाहत नाहीत, खोक्याची जागाही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी पाच हजारांनी भागायची. येईल तेवढे किलो. खरं वजन आणि हे वजन, यांत जे जास्त असेल त्याचे पैसे. मुलींच्या पहिल्या नमुन्याची पेटी होती ३० बाय ३०, उंची ८. खेळाचं वजन ९०० ग्रॅम, पण हिशेबानं होतं जवळजवळ दीड किलो! म्हणजे निम्मी पेटी हवेनं भरलेली आणि त्या हवेचं भाडं द्यायचं. पट चौघडी करून पेटी २४ बाय २४, उंची ६ केली, तेव्हा सगळं एक किलोच्या आत आलं. दुकानात मोठी पेटी जास्त उठून दिसते, हे खरं. पण आपली पेटी दुकानात जाणारच नव्हती, ती पोस्टमनच्या वाटेनं जाणार होती. परदेशातल्या मराठी मंडळींनीही खेळ मागितला. पण तिथे खेळाच्या किमतीपेक्षा टपालच जास्त! त्यांच्या पेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांतून गेल्या.

सरकारी नियमही आधीच वाचलेले बरे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आय.एस.आय.चं चिन्ह लागतं. त्यासाठी तपासण्या आणि परवाना. थोड्या प्रती काढणाऱ्याला तो खर्च झेपत नाही, म्हणून हा खेळ मुळातच मोठ्यांसाठी आखला. कराचंही तसंच. माल परराज्यात विकायचा म्हणजे उलाढाल थोडी असली तरी जी.एस.टी.ची नोंदणी हवी. बैठ्या खेळांवर तेव्हा १२ टक्के कर होता, २०२५च्या सप्टेंबरात तो ५ टक्के झाला. आणि लोकांनी दिलेले पैसे म्हणजे बक्षीस नव्हे, विक्रीचं उत्पन्न. तेव्हा आयकराच्या विवरणातही ते दाखवायचेच.

लोकांकडून पैसे गोळा करून काम उभं करणं आपल्या महाराष्ट्राला काही नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटासाठी गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. पण पैसा देणाऱ्याला काळ्यांनी काचेचा पेला घरपोच द्यायचं कबूल केलं नव्हतं! ती होती वर्गणी. कंपनीचे भाग विकत घेतो ती गुंतवणूक. आणि खेळासाठी घेतात ते पैसे म्हणजे आगाऊ खरेदी. आपल्याकडे जाड ग्रंथांना ‘प्रकाशनपूर्व सवलत’ असते ना, तिची सख्खी बहीण. वर्गणी देणारा विसरून जातो, गुंतवणूक करणारा बुडीतही धरतो, पण खरेदी करणारा वस्तूची वाट पाहतो. आपण यांतलं कोणतं घेतो आहोत, हे पैसे मोजण्याआधी ठरवायला हवं.

ते न ठरवल्यानं काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. ‘किकस्टार्टर’ ही अशा कामातली मोठी संस्था, २००९ साली निघालेली. पटावरच्या खेळांना तिथे भरभरून पैसे मिळाले आहेत. २०१५ साली ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ या पत्त्यांच्या खेळाला दोन लाखांहून जास्त लोकांनी मिळून ८७ लाख डॉलरच्या वर पैसे दिले. आपल्या मुंबईकरांचा ‘शासन’ हा निवडणुकीच्या राजकारणावरचा खेळही २०१९ साली तिथूनच उभा राहिला. मात्र भारतातल्या माणसाला तिथे थेट प्रकल्प मांडता येत नाही, परदेशातल्या नोंदणीचा आधार लागतो. पण त्याच संस्थेवर २०१२ साली एका खेळासाठी १,२४६ लोकांनी १ लाख २२ हजार डॉलर दिले. मागितले होते फक्त ३५ हजार. वर्षभरानं कळलं की खेळ निघणार नाही. २०१५ साली तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली, तेव्हा पैसे घरभाड्यात आणि स्वतःच्या इतर खर्चात गेल्याचं आयोगानं म्हटलं. तिपटीहून जास्त पैसा आला, तरी पेटी नाही! पुढे दुसऱ्या एका कंपनीनं तो खेळ काढून लोकांना दिला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मग खेळ एखाद्या कंपनीलाच विकून मोकळं का होऊ नये? तोही रस्ता आहे, पण डोळे उघडे ठेवून चालायचा. आपण लहानपणी ‘व्यापार’ खेळलो. त्याचं मूळ ‘मोनोपॉली’त, आणि ‘मोनोपॉली’चं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं होतं. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीनं त्यांच्याकडून पेटंट घेतलं ते पाचशे डॉलर देऊन, आणि विक्रीतला वाटा काही नाही. तेव्हा विकायचाच झाला, तर एकरकमी किती आणि दर पेटीमागे किती, हे दोन्ही कागदावर असू द्या.

आता ज्याविषयी मला खरं बोलायचं आहे, त्याकडे वळते. वरच्या हिशेबात एक रकाना नाहीच. छापखान्यातून माल आला तो सुटा: पट वेगळे, पत्ते वेगळे, नोटा वेगळ्या, लाकडी सोंगट्या पोत्यात. एकेक पेटी मोजून भरायला नऊ मिनिटं लागत होती. पाचशे पेट्या म्हणजे पाऊणशे तास! कुणी भरल्या? मी, माझी धाकटी जाऊ आणि शेजारच्या वहिनी. दुपारची कामं आटोपली की आम्ही सतरंजी अंथरून बसायचो. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, घरचंच तर काम. त्याचे का पैसे धरायचे?”

या प्रश्नाला नाशिकच्या इतिहासात उत्तर आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. १९१२ साली त्यांनी रोपट्याची वाढ दाखवणारी छोटीशी फिल्म करून पैसेवाल्यांची खात्री पटवली. आजच्या भाषेत, नमुना दाखवला. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या चित्रपटाच्या वेळी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत होत्या, फिल्मला भोकं पाडीत होत्या, रात्री ती धुवायला मदत करीत होत्या. पुढे १९१८ साली नाशिकला भागीदारांबरोबर कंपनी निघाली, मतभेदही झाले, आणि १९४४ साली दादासाहेब नाशिकलाच गेले तेव्हा हाती पैसा नव्हता. दागिने गेले त्याची निदान आठवण सांगितली जाते. पण सरस्वतीबाईंनी राबून जे घातलं, ते कोणत्या खात्यावर जमा झालं?

म्हणून मी जाऊबाईंना म्हटलं, “पैसे घ्यायचे की नाही, ते नंतर ठरवू. पण वहीत धरायचेच.” तासाला साठ रुपये, म्हणजे ४,५०० झाले. शिल्लक उरली १,९१८. मुलींनी ते साडेचार हजार आमच्या तिघींच्या हातात ठेवले. जाऊबाईंनी आधी नको-नको केलं आणि मग पदराच्या टोकात बांधले. हा आकडा मांडला नाही, तर खेळ स्वस्तात होतो असं वाटत राहतं. दुसऱ्या वेळी हजार पेट्या छापायच्या ठरल्या की दीडशे तास घरातल्या बायकांकडून परस्पर गृहीत धरले जातात!

हिशेबाची वही मुलींनी स्वतः वाचली. पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काकू, म्हणजे आम्ही नापास?” मी म्हटलं, “अगं, नापास कशानं? तीनशे चाळीस माणसांचे पैसे घेतलेत आणि प्रत्येकाला कबूल केलेली पेटी दिलीत, घरात एक पैसा कर्ज नाही. याला व्यवहार चोख होणं म्हणतात. पोट भरणं ही वेगळी गोष्ट.” नोकरी तिनं सोडली नाही. ठेवही मोडली नाही. भाऊजी थोडे हिरमुसले, पण वही त्यांनीही पाहिली होती.

तुमच्या घरात एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या डोक्यात असलं काही असेल, तर त्याला अडवू नका, बरं का. पण लक्ष्य ठरवण्याआधी वही घेऊन शेजारी बसा. छापखान्याचा दर तोंडी नको, लेखी घ्या. पेटीचा आकार कुरिअरच्या हिशेबानं ठरवा. जमणाऱ्या रकमेतले बारा-पंधरा टक्के आपल्या हाती येणारच नाहीत असं धरा, आणि फुटतूट-हरवणं यासाठी थोडं राखून ठेवा. आधी पैसे देणाऱ्यांत नातेवाईक आणि मित्रमंडळी किती, तेही मोजा. आमच्या ३४० पैकी ९० घरचेच होते. ते प्रेमानं एकदा देतात. दुसऱ्या खेळाला त्यांच्याकडे हात पसरता येत नाही. आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि शेवटची पेटी पोचेपर्यंत त्यांतून घरखर्चाला छदामही काढू नका. शेवटी घरातल्यांचे तास. त्यांचा रकाना वहीच्या पहिल्याच पानावर आखून टाका.

दिवाणाखालच्या १४६ पेट्यांपैकी आज ६१ उरल्या आहेत. काही शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांनी नेल्या, काही प्रदर्शनांत गेल्या. त्या संपल्या की दुसऱ्या छपाईचा विचार करायचा, असं ठरलं आहे. मुलींनी नव्या वहीत पहिली ओळ लिहूनही ठेवली आहे: “पेटी भरणं: दर पेटी नऊ रुपये.”